कोंबडी लंगडतेय? आधी बघा पाय दुखतोय की पाय चालतच नाही

ताई, तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी लिहितो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही समजेल. तळेगावजवळ रो हाऊसच्या मागच्या मोकळ्या जागेत तुमच्या सहा कोंबड्या आहेत, दोन गावरान आणि चार गिरिराज जातीच्या. त्यातली एक गिरिराज, वय साधारण आठ महिने, तीन दिवस झाले डाव्या पायाने लंगडतेय. खाते-पिते, पण कालपासून अंडं नाही. शेजारचे काका म्हणतायत ही मानमोडी आहे, कापून टाका नाहीतर बाकीच्या पण जातील. आणि मेडिकलवाल्याने सांगितलं की माणसाची पेनकिलर अर्धी करून पाण्यात द्या.

दोन्ही करू नका. निदान आज तरी.

मी सातारा जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून २६ वर्षं काढली, आता रिटायर आहे, घरी पंचवीस-तीस कोंबड्या असतातच. डॉक्टर नाही मी, पण लंगडी कोंबडी काखेत घेऊन आलेली माणसं इतकी बघितलीत की त्याचा हिशोब नाही. आणि दर वेळी पहिला प्रश्न एकच, "औषध कुठलं देऊ?" अहो पण कशाचं? लंगडणं हा आजारच नाही, ते लक्षण आहे. त्याच्या मागे काटा असेल, पोटात अडकलेलं अंडं असेल, खाण्यातला कॅल्शियम कमी असेल, नाहीतर ज्याला औषधच नाही असा व्हायरस असेल.

म्हणून मी सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवतो. पाय दुखतोय का पाय चालत नाहीये. म्हणजे दुखणं का लुळेपणा. ऐकायला सारखंच वाटतं पण हे दोन रस्ते पार वेगळे आहेत, आणि हे ठरवायला हात लावायची पण गरज नाही, नुसतं बघायचं. सकाळी खुराडं उघडलं की लांब उभं राहा, दाणे टाका आणि पाच मिनिटं गप बघा. जवळ गेलात की ती नीट चालायला लागेल, कारण कोंबडी दुखणं लपवते. मुंगूस, कुत्रं, मांजर सगळ्यांचं ती खाद्य आहे, लंगडणारी पहिली उचलली जाते हे तिला न शिकवता कळतं. त्यामुळे तुम्हाला तीन दिवस दिसतंय म्हणजे तिला त्याच्याही आधीपासून होतंय असं धरून चाला.

दुखणारा पाय कसा असतो, तर ती तो टेकवते आणि चटकन उचलते, जशी आपण उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालतो तशी. उभी असताना बगळ्यासारखी एका पायावर. पण बोटं नीट पसरलेली असतात, पाय टाकते तो सरळच टाकते, फक्त वजन द्यायला नको म्हणते. लुळा पाय वेगळा. तो घासत येतो, बोटं आत मुडपतात, कधी बोटांच्या पाठीवरच चालते, बसली की एक पाय पुढे आणि एक मागे जातो, पंख टेकवून तोल सांभाळते. शंका असेल तर हातात घेऊन बोटाला हलकासा चिमटा काढा. दुखणारा पाय झटक्यात ओढून घेते, लुळा पाय उशिरा ओढते नाहीतर ओढतच नाही. दोन्ही पायांना करून बघा म्हणजे फरक कळतो.

एक गंमत आधीच सांगून टाकतो. कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली असेल तर दिवसभर एका जागी बसून पाय आखडतात, उठली की दहा पावलं झिंगल्यासारखी चालते आणि मग सरळ होते. एक मावशी अशीच खुडूक कोंबडी घेऊन भर उन्हात चार किलोमीटर चालत आल्या होत्या. दवाखान्याच्या ओट्यावर सोडली तर ती पळत सुटली, सगळा स्टाफ मागे. तर तुमची बसून-बसून उठल्यावरच लंगडते का दिवसभर लंगडते, हे पण बघा.

आता पाय दुखणारा निघाला असं धरू, कारण तुमच्या वर्णनावरून मला तेच वाटतंय. मग रात्री तपासायचं. दिवसा धरायला जाल तर ती पळेल आणि लचकलेला पाय आणखी लचकेल. अंधार पडल्यावर ती दांडीवर शांत बसलेली असते, अलगद उचला, पंखांसकट टॉवेलमध्ये गुंडाळा, डोकं झाकलं तर अजून शांत राहते. एकाने धरायचं, एकाने मोबाईलचा टॉर्च घेऊन बघायचं. आणि चांगला पाय आधी बघायचा! हे सगळे विसरतात. चांगला कसा असतो हे हाताला कळल्याशिवाय वाईट कळत नाही. गरम लागतोय का हे पण तुलनेनेच बघायचं, कारण कोंबडीचं अंगच ४१ डिग्रीच्या आसपास असतं, आपल्या हाताला ती कायमच तापल्यासारखी लागणार.

तळव्यापासून सुरू करा. माती चिकटलेली असेल तर कोमट पाण्याने धुऊन घ्या, नुसतं वरवर बघून काही दिसत नाही. तळव्याच्या मधल्या गादीवर काळी-तपकिरी गोल खपली आणि भोवती सूज असेल तर ते बंबलफूट. माणसाच्या तळपायाला कुरूप होतं ना, दिसायला तसंच, पण आत इन्फेक्शन असतं. बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू, जो तसा कातडीवर सगळीकडे असतोच, त्याला फक्त आत शिरायला फट लागते. ती फट पाडतो बाभळीचा काटा, काचेचा तुकडा, बांधकामाची खडी, नाहीतर रोज उंचावरून सिमेंटवर मारलेली उडी. गिरिराज, वनराज या जाती गावरानपेक्षा बऱ्याच जड, गावरान कोंबडी भिंतीवरून उडी मारते ती पिसासारखी उतरते आणि ही अडीच-तीन किलोची बाई धप्पकन पडते. म्हणून तुमच्याकडे गावरान दोघी ठणठणीत आणि गिरिराज लंगडी, यात मला नवल वाटत नाही.

बंबलफूट बारीक असेल, म्हणजे खपली छोटी, सूज कमी, तर घरी जमतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट टाकून दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवून धरायचा, पुसून कोरडा करायचा, बीटाडीन लावायचं, गॉज ठेवून चिकटपट्टी बोटांच्या मधून घालून गुंडाळायची. घट्ट नको, बोटं थंड पडली किंवा सुजली तर लगेच सैल करा. हे रोज, आठ-दहा दिवस. कंटाळवाणं आहे पण काम करतं. भिजून खपली आपोआप सुटली आणि त्याच्यासोबत आतला खडा पण आला तर नशीब.

खडा म्हणतोय त्याचं कारण आहे. कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, वाहत नाही. घट्ट, पनीरच्या तुकड्यासारखा असतो. त्यामुळे "फोड आहे, टोचला की निचरा होईल" हा आपला हिशोब इथे चालत नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी हे स्वतः केलंय, ब्लेडने चीर दिली, दाब दाब दाबलं, पू काही आला नाही, रक्त मात्र भळाभळा, आणि चार दिवसांनी सूज वर घोट्यापर्यंत गेली. म्हणून पाय पूर्ण सुजलेला असेल, बोटांच्या मधून फुगून वर आला असेल, तर ब्लेड हातात घेऊ नका, डॉक्टरांकडे न्या. आणि बिब्बा तर अजिबात लावू नका. आपल्याकडे काटा मोडला की बिब्ब्याचा चटका द्यायची जुनी सवय आहे, कोंबडीच्या पायाला त्याने कातडी जळते आणि जखम दुप्पट होते. आणि हो, पाय हाताळताना ग्लोव्ह्ज घाला, हा जंतू आपल्या हातावरच्या जखमेत पण जातो.

तळवा स्वच्छ असेल तर एकेक बोट वेगळं करून बघा. इथे मी थोडा वेळ घेणार कारण ही चूक माझ्याच घरी झालीय. माझी एक कोंबडी हलकीशी लंगडत होती, तळवा बघितला, गुडघा बघितला, काही नाही. म्हटलं लचकला असेल, डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या टोपलीखाली, ठेवली चार दिवस. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, अहो हिचं मधलं बोट काळं पडलंय. बघतो तर बोटाच्या मुळाशी मांजा. संक्रांत होऊन आठवडा झाला होता, नायलॉनचा धागा, पातळ, पारदर्शक, कातडीत इतका रुतलेला की वरून नुसती एक रेघ दिसत होती. सुईच्या टोकाने उचलून नखाच्या कात्रीने कापला, पण उशीर झाला होता, बोट पुढच्या आठवड्यात गळून पडलं. ती त्यानंतर दोन वर्षं तीन बोटांवर मजेत जगली ते सोडा, पण पहिल्या दिवशी बोट उलगडून बघितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. धागा म्हणजे फक्त मांजा नाही. पोत्याची सुतळी, प्लास्टिकच्या गोणीचे सुटलेले धागे, आणि सगळ्यात जास्त, बायकांनो रागावू नका, विंचरून परसात टाकलेले केस. लांब केस कोंबडीच्या पायात असा गुंततो की तिला काढताच येत नाही, चालेल तसा आवळत जातो. भिंग असेल तर भिंगातून बघा.

नंतर नळी, म्हणजे खवल्यांचा भाग. खवले चपट बसलेले, गुळगुळीत असायला हवेत. उचलले गेलेत, खाली पांढरट भुकटी, पाय जाड खडबडीत दिसतोय, तर ती खवल्याखाली राहणारी बारीक कीड आहे. डोळ्यांना किडा दिसत नाही. जुन्या कोंबड्यांमध्ये जास्त. कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने हलकं घासून खोबरेल किंवा व्हॅसलीन जाड थापायचं, दोन-तीन दिवसांआड, निदान तीन-चार आठवडे, म्हणजे कीड गुदमरून मरते. खवले ओढून काढू नका. रॉकेल लावतात लोक, मरते कीड त्याने, पण कातडी पण भाजते. आणि एकीला असेल तर सगळ्यांना लावा, दांड्या पण पुसून घ्या. आठ महिन्यांच्या कोंबडीत याने लंगडण्यापर्यंत मजल जात नाही सहसा, म्हणून तुमच्यासाठी हे खाली ठेवतो.

वर आलात की तो उलटा वाकणारा सांधा लागेल. लोक त्याला गुडघा म्हणतात, तो गुडघा नाही, तो घोटा आहे. खरा गुडघा पिसांच्या आत पोटाजवळ लपलेला असतो. हे अशासाठी सांगतोय की बरेच जण "गुडघा उलटा झालाय" म्हणून सरळ करायला ओढतात! नका ओढू. हा सांधा दोन्हीकडचा चाचपा. सुजलेला, गरम, दाबला की पिचपिच लागतो, तर सांध्यातलं इन्फेक्शन असू शकतं, मायकोप्लाझ्मा आहे, रिओव्हायरस आहे, तोच स्टॅफिलोकोकस आहे, ते डोळ्याने ओळखता येत नाही, डॉक्टर लागतो. सांध्यांवर कडक पांढरट गाठी असतील तर गाऊट, म्हणजे मूत्रपिंड बिघडलंय. हाड मधेच वाकतंय, पाय लोंबतोय, तर मोडलंय. नळीचं हाड मोडलं असेल तर आइस्क्रीमच्या काड्या कापसात गुंडाळून सरळ बांधल्या की साधारण तीन आठवड्यांत जुळतं, पक्ष्यांचं हाड लवकर जुळतं. मांडीचं मोडलं असेल तर घरी हात लावू नका.

आणि काहीच सापडलं नाही, सूज नाही, जखम नाही, हाड सरळ, पण दाबलं की मांडीत अंग चोरते, तर लचक. यावर औषध म्हणजे डालगं. गंमत नाही करत. आठवडाभर तिला फिरू द्यायचं नाही, दांडीवर चढू द्यायचं नाही, खाली भाताचं तूस चार बोटं, पाणी आणि खाणं चोचीजवळ. फक्त बाकीच्या दिसतील अशा जागी ठेवा, पार एकटी ठेवली तर खाणं सोडते, आणि महिनाभर वेगळी ठेवून परत सोडली तर बाकीच्या तिला ओळख दाखवत नाहीत, टोचून काढतात. कोंबडा आहे का तुमच्याकडे? तुम्ही लिहिलं नाही. जड कोंबडा पाठीवर चढून चढून पण मांडी दुखावते, पाठीवरची पिसं गेलेली दिसली तर तोच आरोपी.

आता ते अंडं. कालपासून नाही म्हणालात. दुखणं असलं की अंडं थांबतं, ते साहजिक आहे, पण उलटं पण होतं, अंडं अडकलंय म्हणून ती लंगडतेय. कोंबडीची पायाकडे जाणारी मोठी नस मूत्रपिंडाच्या जवळून, अगदी त्याच्यातूनच म्हणा, खाली उतरते. त्यामुळे पोटात अडकलेलं अंडं, गाठ, सुजलेलं मूत्रपिंड, काहीही त्या जागी दाबलं की पाय लंगडतो आणि पायात मात्र शोधून काही सापडत नाही. अशी कोंबडी शेपूट खाली पाडून उभी राहते, चाल फेंगडी होते, सारखी घरट्यात जाते, जोर करते, पिसं फुलवून बसते. पोट खालून हलक्या हाताने चाचपा, कडक अंडं लागलं तर दाबू मात्र नका, आत फुटलं तर ती जाईल. कोमट पाण्याच्या टबात वीस मिनिटं पोटापर्यंत बसवा, नीट कोरडी करा, अंधाऱ्या उबदार जागी ठेवा, मागच्या बाजूला थोडं खोबरेल. दोन-चार तासांत अंडं आलं नाही तर डॉक्टर. यात "उद्या बघू" करू नका, बाकी सगळ्या गोष्टीत चालेल.

खाणं काय देता? गहू, तांदूळ, बाजरी, उरलेली पोळी-भात, असंच असेल तर कॅल्शियमचा विचार कराच. एका अंड्याच्या टरफलात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातो, आणि तो सगळा पचत नाही म्हणून अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साडेतीन-चार ग्रॅम लागतो. धान्यात तो जवळजवळ नसतोच. मग ती काय करते, स्वतःच्या हाडातून काढते. आधी टरफलं पातळ होतात, मग एक दिवस पायच धरत नाहीत. तुमची पहिल्याच वर्षातली, नुकती अंड्यावर आलेली, जोरात अंडी देणारी, म्हणजे नेमकं हेच वय. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, खाण्यात मिसळू नका, जिला हवा ती खाते. नाहीतर घरची टरफलं भाजून, कुटून. सोबत लेअर फीड, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, सुरू करा आणि ऊन मिळू द्या, उन्हाने कॅल्शियम हाडात जायला मदत होते. पण हेच लेअर फीड लहान पिल्लांना नको, त्यांच्या मूत्रपिंडाला तेवढा कॅल्शियम झेपत नाही.

आता काकांच्या मानमोडीवर येऊ. मानमोडी म्हणजे राणीखेत. त्यात एकटी कोंबडी तीन दिवस नुसती लंगडत खात-पीत राहत नाही. एकदम बऱ्याच जणी गळतात, तोंड उघडून श्वास, हिरवी पातळ हगवण, मग मान वेडीवाकडी, पाय-पंख लुळे, आणि लस झालेली नसेल तर दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. तुमच्या बाकी पाच जणी ठणठणीत आहेत ना, मग काकांना चहा पाजा आणि विषय बदला. लसी झाल्यात का ते मात्र बघा, आपल्याकडे साधारण पहिल्या आठवड्यात लासोटा, चौथ्या आठवड्यात परत, आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बी असा क्रम धरतात. आजारी कोंबडीला मात्र लस टोचत नाहीत.

मला खरी काळजी असते ती मॅरेक्स नावाच्या आजाराची. चिमटा काढून पाय ओढला नाही, एक पाय पुढे एक मागे, खायची इच्छा आहे पण झिजत चाललीय, छातीचं हाड हाताला सुरीसारखं लागतंय, तर हे डोक्यात घ्या. हा नागीण या आजाराच्या व्हायरसच्या जातकुळीतला व्हायरस, नसांमध्ये घुसतो, गाठी करतो, पिसांच्या कोंड्यातून आणि धुळीतून पसरतो, धुळीत महिनोन्‌महिने टिकतो. माणसाला होत नाही. जास्त करून तीन ते सहा महिन्यांच्या तलंगांमध्ये, म्हणजे तरुण कोंबड्यांमध्ये दिसतो, तुमची आठ महिन्यांची म्हणजे त्या काठावरून थोडी पुढे गेलीय, पण नाहीच असं म्हणता येत नाही. लस हॅचरीतच पहिल्या दिवशी देतात, नंतर देऊन उपयोग नाही. म्हणून गाडीवरून पिल्लं घेताना विचारायचं, मॅरेक्सची लस झालीय का. आमच्या गावात एकदा एका गाडीवाल्याकडून तीन घरांनी पिल्लं घेतली, त्याने "सगळ्या लसी झाल्यात" सांगितलं, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात तिन्ही घरी एकेकीचे पाय लुळे पडायला लागले. औषध नाही याला. एखादी थोडी सावरते, बहुतेक नाही. मेली तर लगेच पुरू नका, बर्फात ठेवून दवाखान्यात पोस्टमॉर्टेमला द्या, मांडीतली नस एका बाजूला जाड झालेली दिसते. गरज पडली तर पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण लॅबला नमुने जातात.

अजून एक आहे जे शहरातून कोंबड्या पाळायला लागलेल्यांना माहीतच नसतं. गोचीड. कोंबडीच्या अंगावर दिवसा दिसणार नाही, दिवसा ती खुराड्याच्या लाकडाच्या फटीत, विटांच्या सांध्यात लपते, रात्री येऊन रक्त पिते आणि परत जाते. गोचिडीच्या पिल्लांच्या चाव्याने पण कोंबडीचे पाय लुळे पडतात, आणि त्याच गोचिडीतून एक ताप येतो ज्यात तुरा फिका पडतो, हिरवी हगवण लागते, पाय लुळे पडतात. लवकर कळलं तर पेनिसिलीनने वाचते, पण ते डॉक्टरांनी द्यायचं. रात्री पाय बघायला जालच, तेव्हा टॉर्च फटींमध्ये पण मारा. चपट्या, राखाडी, चिंचोक्याहून लहान. दिसल्या तर कोंबड्या बाहेर काढून फटी बुजवा, चुना मारा.

लहान पिल्लांचं वेगळं आहे, थोडक्यात सांगतो कारण तुम्हाला आत्ता गरज नाही. गुळगुळीत वर्तमानपत्रावर वाढवलेल्या पिल्लांचे पाय फाकतात, गोणपाट घाला आणि पहिल्या एक-दोन दिवसांत पाय मऊ पट्टीने जवळ बांधा, नंतर जमत नाही. बोटं मुठीसारखी वळली तर व्हिटॅमिन बी-टू कमी, बी कॉम्प्लेक्स पाण्यात. आणि जत्रेतून आणलेली रंगवलेली पिल्लं पुष्कळदा ब्रॉयलरची निघतात, सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे, पायांना ते वजन पेलतच नाही, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

पेनकिलरचं सांगायचं राहिलं. माणसाच्या पेनकिलरमध्ये बऱ्याचदा डायक्लोफिनॅक असतं. गिधाडं ज्याने संपली तेच हे, जनावरांना द्यायला आपल्याकडे २००६ पासून बंदी आहे, आणि पक्ष्यांचं मूत्रपिंड त्याने निकामी होतं. शिवाय दुखणं मारलं की ती दुखावलेल्या पायावर उड्या मारणार. डॉक्टर मेलोक्सिकॅम वगैरे वजनावर मोजून देतात, ते वेगळं. अँटिबायोटिक पण उरलंसुरलं पाण्यात टाकू नका, आणि डॉक्टरांनी दिलंच तर अंडी किती दिवस खायची नाहीत ते तिथल्या तिथे विचारून घ्या. जवळ दवाखाना नसेल तर १९६२ वर फोन लावा, फिरत्या पथकाचा नंबर आहे. अचानक दोन-तीन मेल्या तर मात्र तपासत बसायचं नाही, हात न लावता दवाखान्यात कळवायचं. २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा काय झालं ते आम्ही बघितलंय.

तर तुमच्या बाबतीत माझा अंदाज, तळव्याचं बंबलफूट एक नंबर, लचक दोन नंबर, आणि दोन्हीच्या मागे दांडी. दांडी किती उंच आहे आणि कशाची आहे? जीआय पाईप किंवा फोडलेला बांबू असेल तर बदला, दोन-अडीच इंच रुंद, कडा गोल केलेली लाकडी पट्टी, जमिनीपासून दीड फुटाच्या वर नको, खाली तूस. सिमेंटच्या फरशीवर उडी मारायला लावत असाल तर हा पाय बरा होईल आणि पुढच्या महिन्यात दुसरीचा जाईल.

आज रात्री नऊच्या पुढे टॉर्च, टॉवेल, कोमट पाणी घेऊन बसा. उजवा पाय आधी. मग डाव्याचा तळवा धुऊन, बोटं उलगडून, घोटा चाचपून, चिमटा काढून, पोटाला हात लावून बघा आणि काय दिसलं ते मला जसंच्या तसं लिहा, दोन्ही तळव्यांचे फोटो शेजारी शेजारी काढता आले तर फारच बरं. आणि दांडीची उंची मोजायला विसरू नका.